धाकट्याच्या उंचीने मोजावी सहल

जत्रेतला आकाशपाळणा आणि आजच्या थीम पार्कमधली राइड यांचे नाते आजोबा-नातवाचे आहे. चेहरामोहरा बदलला, वेग वाढला, लाकडाच्या जागी पोलाद आले आणि हाताच्या जोराच्या जागी संगणक आला. पण उंचावरून खाली येताना पोटात उठणारा गोळा मात्र तोच राहिला. आपल्या देशात या नातवाचा जन्म तसा उशिराच झाला. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९८४ साली ‘अप्पू घर’ सुरू झाले. ते २००८ मध्ये बंद पडले. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये ‘एस्सेल वर्ल्ड’, कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये १९९१ साली ‘निक्को पार्क’, कोचीत २००० साली ‘वीगालँड’ (हेच पुढे ‘वंडरला’ झाले), बंगळुरूजवळ २००५ मध्ये दुसरे ‘वंडरला’ आणि आपल्या खोपोलीजवळ २०१३ मध्ये ‘इमॅजिका’ अशी ही मालिका वाढत गेली. आज दिवाळीची वा उन्हाळ्याची सुटी म्हटली की देवदर्शन, समुद्रकिनारा आणि थंड हवेचे ठिकाण यांच्या जोडीला थीम पार्कचे नाव हटकून निघते.

बँकेसारख्या देशभर पसरलेल्या संस्थेच्या परिवारात तर हे अधिकच जाणवते. बदलीच्या निमित्ताने कोणी हैदराबादला असते, कोणी कोलकात्याला, कोणी बडोद्याला. सुटीत भाऊ-बहिणी एकत्र जमतात, एलएफसीचा प्रवास ठरतो, आणि मग दोन-तीन कुटुंबांची चार-पाच मुले घेऊन वडीलधारी मंडळी सकाळीच पार्कच्या दाराशी उभी राहतात. त्यांतले एक अकरा वर्षांचे, एक सात वर्षांचे, एक तीन वर्षांचे. संध्याकाळी हीच मंडळी बाहेर पडताना पाहावी. थोरला रुसलेला, मधला रडवेला, धाकटा खांद्यावर झोपलेला, आणि आईच्या दोन्ही हातांत ओल्या कपड्यांच्या पिशव्या! एवढा खर्च करून, एवढी रजा घालवून मिळवायचे ते हेच काय, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या हट्टात नाही, आपल्या हिशेबात आहे, असे आमचे मत आहे. आपण ही सहल पैशाने आणि राइडच्या संख्येने मोजतो. ती मोजायला हवी वेळेने आणि सर्वांत धाकट्या मुलाच्या उंचीने.

दाराशीच संपलेला पैसा

जत्रेत प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे द्यावे लागत. त्यामुळे प्रत्येक पाळणा हा एक स्वतंत्र निर्णय असे. मुलाने ‘नको’ म्हटले तर पैसे खिशात राहत आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नसे. थीम पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी एकदाच, दाराशी, पूर्ण दिवसाचे तिकीट घ्यावे लागते. आत गेल्यावर प्रत्येक राइड ‘फुकट’ असते. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्याला अडचणीत टाकते. चार-पाच जणांच्या तिकिटांचा आकडा डोक्यात असतो आणि तो वसूल करण्याची जबाबदारी आपण मुलांच्या इवल्याशा पायांवर टाकतो.

खर्च होऊन गेलेला पैसा माणसाच्या पुढच्या निर्णयांवर कसा स्वार होतो, याचा अभ्यास हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. एका नाट्यगृहाची हंगामाची तिकिटे त्यांनी काही जणांना पूर्ण किमतीला आणि काही जणांना सवलतीत दिली. तिकिटे तीच, नाटकेही तीच. पण ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती ते हंगामाच्या पूर्वार्धात अधिक नाटकांना हजर राहिले. नाटकाची गोडी दोघांनाही सारखीच असणार. फरक होता तो गेलेल्या पैशाच्या टोचणीचा. अर्थशास्त्र सांगते की, परत न येणारा खर्च पुढच्या निर्णयात धरू नये. बुडीत कर्जाच्या मागे आणखी चांगली रक्कम घालू नये, हे बँकेच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. मग थकून डोळे चोळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला ‘तिकीट काढले आहे, आता बसलेच पाहिजे’ असे म्हणताना हे शहाणपण कुठे जाते?

दारातून आत पाऊल टाकले की पैशाचा हिशेब संपला, असे समजावे. आता आपल्याजवळ एकच चलन उरले आहे, ते म्हणजे वेळ. आणि त्याचा साठा फार मोठा नाही.

चारशेवीस मिनिटांचे अंदाजपत्रक

समजा, पार्क अकराला उघडते आणि सहाला बंद होते. हातात सात तास, म्हणजे चारशेवीस मिनिटे आहेत. तपासणी, लॉकर आणि कपडे बदलणे यांत चाळीस मिनिटे गेली. जेवण आणि खाणे यांना एक तास. तीन मुलांची स्वच्छतागृहे, पाणी, सुटलेल्या नाड्या आणि एका राइडपासून दुसऱ्या राइडपर्यंतची पायपीट यांना आणखी एक तास धरावा. उरली दोनशेसाठ मिनिटे. रांग, बैठक आणि बाहेर पडणे मिळून एका राइडला सरासरी अर्धा तास लागला, तर आठ-नऊ राइड होतात. सुटीच्या गर्दीत हाच वेळ पाऊण तासावर गेला, तर पाच-सहाच. मोठ्या पार्कमध्ये पन्नासहून अधिक राइड असू शकतात. म्हणजे ‘सगळ्या राइड करून येऊ’ हा संकल्प घरून निघतानाच अशक्य असतो, आणि अशक्य संकल्पाचा शेवट रुसव्यात होणार हे ठरलेलेच असते.

म्हणून आदल्या रात्री मुलांना जवळ घेऊन एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात सर्वांना बसता येईल अशा राइड: फिरते घोडे, छोटी आगगाडी, संथ नौका. दुसऱ्यात मधल्याला मोठ्या माणसासोबत चालतील अशा. तिसऱ्यात केवळ थोरल्याच्या. प्रत्येक मुलाने आपल्या आवडीच्या फक्त दोन राइड सांगाव्यात. त्या दोन त्याला मिळतीलच, असा शब्द द्यावा आणि तो पाळावा. बाकी जे मिळेल ते वरकड! सहा राइडचे वचन देऊन आठ देणाऱ्या बापाची मुले हसत घरी येतात. सगळ्याचे वचन देऊन दहा देणाऱ्याची रडत. ठेवीदाराला दाखवलेल्या व्याजाबद्दल जे खरे, तेच येथेही खरे.

वेळापत्रकातली पुढची गोष्ट म्हणजे जेवण. बहुतेक सर्व जण दीड वाजता जेवायला जातात. आपण साडेअकराला काहीतरी पोटात टाकावे आणि दीडच्या सुमारास, जेव्हा पाळण्यांच्या रांगा किंचित सैलावतात, तेव्हा बाहेर असावे. भर दुपारच्या उन्हात एखादा खेळ वा बंदिस्त दालनातील कार्यक्रम निवडावा. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो. त्यामुळे ऊन त्यांना आपल्यापेक्षा लवकर बाधते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पाजावे.

पट्टीशी वाद नको

प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी एक उंचीची पट्टी असते. कुठे एकशे दोन सेंटिमीटर, कुठे एकशे वीस, कुठे एकशे चाळीस. या पट्टीपाशी रोज घडणारे संवाद ऐकण्यासारखे असतात. ‘अहो, बोटभरच तर कमी आहे!’ ‘मी आहे ना सोबत, घट्ट धरीन त्याला.’ ‘आम्ही इतक्या लांबून आलो आहोत, जरा समजून घ्या.’ जाड तळव्याचे बूट आणि टाचा उंचावणे हे उपाय तर सर्रास चालतात.

ही पट्टी म्हणजे कुणाची लहर नव्हे. राइडमधील कमरेवरचा दांडा किंवा खांद्यावरचे कवच हे ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी घडवलेले असते. उंची हे त्या बांध्याचे पटकन मोजता येण्याजोगे माप आहे. दांडा मांडीवर आणि कमरेवर नीट बसला नाही, तर वळणावर लहानसे शरीर त्याखालून सरकू शकते. शिवाय शेजारी मोठा माणूस बसला असेल, तर सामाईक दांडा त्याच्या मांडीपाशी अडतो आणि मुलाच्या बाजूला पोकळी राहते. म्हणजे ‘मी सोबत आहे’ हे आश्वासन काही राइडमध्ये मुलाला सुरक्षित करण्याऐवजी उलटेच ठरते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मानेचे स्नायू कोवळे असतात, हेही विसरता येत नाही. वेगवान वळणावर शरीरावर जो जोर येतो, तो आईच्या हाताच्या पकडीला आवरणारा नसतो.

बँकेच्या काउंटरवर सही जुळली नाही तर रोखपाल पैसे देत नाही. समोरचा गृहस्थ ओळखीचा असला, चांगला असला, घाईत असला तरी देत नाही. आणि तो देत नाही म्हणूनच आपण आपले पैसे तेथे निर्धास्तपणे ठेवतो. पट्टीपाशी उभ्या असलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाशी हुज्जत घालणाऱ्या पालकाने हे आठवावे. त्याने आज आपल्यासाठी बोटभर सोडले, तर उद्या तो दुसऱ्यासाठी पट्टा तपासायचाही सोडील. उलट, नियम पाळणाऱ्या त्या पोराचे आपल्या मुलांदेखत कौतुक करावे. नियम हा अपमान नसतो, हे मुलांना शिकवण्याची अशी संधी शाळेतही मिळत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे निघण्यापूर्वी घरीच, अनवाणी उभे करून, मुलांची उंची मोजावी. अनेक पार्कमध्ये तिकिटाचा दरही वयावर नसून उंचीवर असतो. त्यामुळे ते माप तसेही लागतेच. ‘तू एकशे अठरा आहेस, ही राइड पुढच्या वर्षी’ हे घरी, शांतपणे ऐकलेले वाक्य मूल स्वीकारते. तेच वाक्य पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर परक्या माणसाच्या तोंडून ऐकले, की त्याचे आकाश कोसळते.

पिशव्या कोणी सांभाळायच्या?

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. कोणत्याही पार्कमध्ये मोठ्या राइडच्या बाहेरच्या कट्ट्याकडे पाहावे. तेथे झोपलेले मूल मांडीवर घेऊन, आजूबाजूला पिशव्या, चपला आणि पाण्याच्या बाटल्या मांडून कोण बसलेले असते? बहुधा आई, नाही तर आजी, मावशी, आत्या. तिने तिकिटाचे पूर्ण पैसे भरलेले असतात. तिलाही वर जाऊन ओरडावेसे वाटत असते. पण ‘तुम्ही जाऊन या, मी बसते इथे’ हे वाक्य इतक्या सहजपणे येते आणि इतक्या सहजपणे मान्य होते, की त्यात काही अन्याय आहे असे कुणाच्या मनातही येत नाही.

गंमत अशी, की थीम पार्क ही कल्पनाच अशा एका कट्ट्यावर जन्मली असे सांगितले जाते. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या मुली फिरत्या घोड्यांवर बसल्या असता वॉल्ट डिस्ने बाकावर बसून असत; आणि आईवडील व मुले यांना एकत्र आनंद घेता येईल अशी जागा का असू नये, हा विचार त्यांना तेथे सुचला, असे ते सांगत. त्यातून १९५५ साली डिस्नेलँड उभे राहिले. बाकावरच्या पालकाला उठवण्यासाठी निघालेली ही कल्पना आपल्याकडे पोचेपर्यंत पुन्हा एकाला बाकावर बसवून मोकळी झाली!

यावर उपाय आहे आणि तो जगात अनेक ठिकाणी रूढ आहे. ‘रायडर स्विच’, ‘चाइल्ड स्वॅप’ अशा नावांनी तो ओळखला जातो. आपण त्याला ‘बारीबदल’ म्हणू. राइडला न बसू शकणारे मूल घेऊन कुटुंब तेथील कर्मचाऱ्याकडे जाते. एक मोठा माणूस रांगेतून जाऊन राइड करतो. दुसरा मुलाजवळ थांबतो. पहिला परत आला की दोघे जागा बदलतात आणि दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. रांग चाळीस मिनिटांची असेल, तर या सोयीवाचून दोघांना मिळून ऐंशी मिनिटांहून अधिक लागतात. सोय असली तर साधारण पन्नास. थोरल्या मुलाला काही ठिकाणी दोघांसोबतही बसू देतात, म्हणजे त्याची तर चंगळच. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. वेळ लिहिलेली एक चिठ्ठी आणि ती तपासणारा एक माणूस पुरतो.

आपल्या देशातील प्रत्येक थीम पार्कने ही सोय विनामूल्य आणि ठळक फलकासह द्यावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे. ‘घाई असणाऱ्यांसाठी जादा पैशाची जलद रांग असतेच की’ असे यावर कोणी म्हणेल. जलद रांगेला आमचा विरोध नाही. विमानापासून मंदिरापर्यंत ती आपण स्वीकारलीच आहे. परंतु त्या दोन गोष्टी एक नव्हेत. जलद रांगेत पुढच्याची जागा विकत घेतली जाते; बारीबदलात त्या कुटुंबाने रांग आधीच लावलेली असते, फक्त दुसऱ्यांदा लावायला लागत नाही. डिस्नेने १९९९ साली सुरू केलेली ‘फास्टपास’ ही सोय विनामूल्य होती. अमेरिकेतील त्यांच्या पार्कांत २०२१ मध्ये ती जाऊन तिच्या जागी पैसे घेणारी योजना आली. बारीबदल मात्र तेथेही विनामूल्यच राहिला. धंदा कळणाऱ्यांनाही यातला फरक कळतो, असा त्याचा अर्थ आहे.

गैरवापर होईल ही भीती खरी आहे. लहान मूल उसने आणणारेही निघतील. पण चिठ्ठीवर वेळ, राइडचे नाव आणि माणसांची संख्या असली, की तो आटोक्यात राहतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली सत्तर वर्षांवरील आणि अपंग ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयी बँकांना निर्देश दिले. सर्वांना एकाच खिडकीपुढे उभे करणे म्हणजे समान वागणूक नव्हे, हे तत्त्व त्यामागे होते. तान्हे मूल कडेवर असलेल्या आईलाही ते लागू पडते.

ही सोय जिथे नसेल तिथे कुटुंबाने ती आपल्यापुरती निर्माण करावी. दिवसातील एक तास आईचा, असे आधीच ठरवावे. त्या तासात सर्व पिशव्या आणि सर्व मुले बाबांकडे किंवा काकांकडे. आजीला उंच पाळणा नको असेल तर तिची संथ नौका तिला मिळावी. तिलाच विचारावे, गृहीत धरू नये.

थोरल्याचा तास, धाकट्याची भीती

धाकट्याच्या उंचीने सहल मोजली तर थोरल्यावर अन्याय होणार नाही का? होईल, जर आपण ‘तू मोठा आहेस ना, समजून घे’ एवढेच म्हणत राहिलो तर. थोरलेपण हा त्या बिचाऱ्याचा गुन्हा नव्हे. म्हणून सकाळचा पहिला तास त्याचा असावा. दार उघडताच एका मोठ्या माणसाने त्याला घेऊन सर्वांत लोकप्रिय राइडकडे जावे. त्या वेळी रांगही आखूड असते. बाकीचे तोवर फिरत्या घोड्यांपाशी रमतात. आवडती राइड सकाळीच पदरात पडलेला थोरला दिवसभर उदार असतो आणि धाकट्यासोबत छोट्या आगगाडीतही आनंदाने बसतो.

भीतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. उंची पुरेशी आहे, रांग संपली आहे, आणि ऐन पायरीवर सात वर्षांचे मूल म्हणते, ‘मला नको.’ अशा वेळी ‘घाबरट’, ‘मुलीसारखा रडतोस काय’, ‘तो बघ, तुझ्याहून लहान असून बसला’ ही वाक्ये आपल्या तोंडून निसटतात. त्यांतले मधले वाक्य तर मुलगा आणि मुलगी या दोघांचाही अपमान करते. हौस म्हणून घेतलेली भीती आणि लादलेली भीती यांत मोठे अंतर आहे. पहिलीतून धिटाई येते. दुसरीतून फक्त अविश्वास. प्रत्येक राइडला शेवटच्या क्षणी बाहेर पडण्याची वाट असते. ती मुलाला आधीच दाखवावी. वाट आहे हे कळल्यावर बरीच मुले तिचा वापर करीत नाहीत. आणि केलाच, तर राइड पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे.

रांगेतल्या वेळेचेही असेच आहे. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. बँका, विमान कंपन्या आणि उपाहारगृहे तो आजही वाचतात. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो आणि कारण न कळलेली वाट अधिक जाचते, असे त्यांनी त्यात मांडले. मुलांच्या बाबतीत हे दुपटीने खरे आहे. भ्रमणध्वनी हातात दिला की रांग सरते खरी, पण आठवणीतूनही सरते. भेंड्या, कोडी, पुढच्या डब्यात कितीजण बसतील याचे अंदाज, आईच्या लहानपणीच्या जत्रेची गोष्ट यांतले काहीही चालते. घाईच्या आपल्या आयुष्यात मुलांसोबत सलग पाऊण तास उभे राहण्याचा योग तसा येतो तरी किती वेळा?

मोजून द्यावे, मोजून घ्यावे

पाच मोठी माणसे आणि पाच मुले असली की मुले सुरक्षित, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ‘सगळ्यांचे लक्ष आहे’ म्हणजे कुणाचेच नसते. तिजोरीतील रोकड एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना मोजून दिली जाते आणि मोजून घेतली जाते. ‘इथेच कुठेतरी असेल’ असे तेथे चालत नाही. मुलांच्या बाबतीतही प्रत्येक मुलामागे एका मोठ्या माणसाचे नाव ठरलेले असावे आणि ताबा बदलताना ‘आता ही तुझ्याकडे’ असे तोंडाने म्हणून समोरच्याचा होकार घ्यावा. मुलाच्या मनगटावर दूरध्वनी क्रमांक लिहिलेली पट्टी असावी. चुकामूक झाली तर हललेच नाही पाहिजे आणि गणवेशातील कर्मचाऱ्यालाच सांगितले पाहिजे, हे दोन नियम तीन वर्षांच्या मुलालाही पाठ करून घेता येतात.

पाण्याच्या राइडपाशी तर डोळ्यांत तेल घालून राहावे. बुडणारे मूल चित्रपटातल्यासारखे हात हलवून ओरडत नाही. बहुधा ते निःशब्दपणे पाण्याखाली जाते. तेव्हा गुडघाभर पाणी असले तरी लहान मूल हाताच्या अंतरावर हवे, आणि जीवरक्षक समोर असला तरी आपली जबाबदारी संपत नाही.

राहिली व्यवस्थेची जबाबदारी. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ एक झुलती राइड तुटून दोघांचा मृत्यू झाला. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या आगीत २७ जणांचा बळी गेला. त्यांत मुलेही होती. अशा घटनांनंतर काही दिवस चौकशा होतात, काही ठिकाणे बंद होतात, आणि मग पुढची सुटी येते. राइडसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५४७५ हे मानक आहे. प्रश्न ते पाळले जाते की नाही हा आहे. ग्राहक म्हणून आपण तिकिटाच्या दरात घासाघीस करतो, तशी ‘रोजची तपासणी झाली का’ अशी पृच्छा का करीत नाही? कर्मचारी प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहतो का, बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या आहेत का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. मन साशंक झाले तर खुशाल उठून बाहेर यावे. तिकिटाचे पैसे दाराशीच गेले आहेत, हे आता आपल्याला ठाऊक आहेच.

थीम पार्क हे श्रीमंतीचे प्रदर्शन नव्हे आणि धैर्याची परीक्षाही नव्हे. वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या उंचीची माणसे एकाच दिवसात एकमेकांना सांभाळून कशी घेतात, हे तेथे दिसते. ज्या कुटुंबात सर्वांत लहानाच्या पावलाने चालले जाते, सर्वांत मोठ्याला त्याचा तास मिळतो आणि पिशव्या आळीपाळीने उचलल्या जातात, त्या कुटुंबाने चारच राइड केल्या तरी दिवस सत्कारणी लागला असे समजावे. येत्या सुटीसाठी तिकिटे काढण्यापूर्वी एक मोजपट्टी, एक कोरा कागद आणि सगळी मुले एवढे जमवून अर्धा तास बसावे. या अर्ध्या तासाला कोणताही आकार पडत नाही.